हायलाइनचा मीटर, ट्रेंडलाइनची गाडी

पत्र:

"नमस्कार. माझ्याकडे २०१५ची फोक्सवॅगन पोलो ट्रेंडलाइन आहे, म्हणजे साधी, बेस आवृत्ती, १.२ पेट्रोल. दुसऱ्या हातानं घेतलेली. दोन एअरबॅग आहेत, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नाही. गाडी चालायला इतकी छान आहे की विकायचा विषयच नाही. पण आत बसलं की डॅशबोर्ड खटकतो. साधा मीटर, कोरं स्टिअरिंग आणि आधीच्या मालकानं लावलेला बाजारातला स्टिरिओ. कुर्ल्याच्या एका दुकानदाराकडे २०१६च्या हायलाइनचं, म्हणजे पोलोच्याच वरच्या आवृत्तीचं, डिझेल गाडीचं सामान आलंय. ती गाडी समोरून ठोकलेली, विम्यात टोटल लॉस झालेली. मीटर, बटणांचं स्टिअरिंग एअरबॅगसकट, ऑटो एसीचं पॅनल आणि वर चीनहून आलेली आरसीडी ३३० टचस्क्रीन, असं सगळं तो बसवून ५२ हजारांत देतो म्हणतो. 'तारा कंपनीनं सगळ्या गाड्यांत टाकलेल्याच असतात, नुसते कपलर लावायचे आणि कोडिंग मारायचं,' असं त्याचं म्हणणं. बाबा म्हणतात, एवढे पैसे घालण्यापेक्षा ही काढ आणि हायलाइनच घे. मेहुणा म्हणतो, अँड्रॉइड स्टिरिओ लाव आणि गप्प बस. मी काय करू?
— नाद सुटेना, कोल्हापूर"

उत्तर:

नाद सोडा असं मी सांगणार नाही. कोल्हापूरच्या माणसाला ते सांगून उपयोगही नसतो. पण तुमच्या पत्रात दोन शब्द तुम्ही सहज लिहून गेला आहात आणि या व्यवहाराचा निम्मा निकाल त्या दोन शब्दांतच लागतो. एक 'डिझेल' आणि दुसरा 'समोरून'. त्यांच्याकडे येतोच. आधी दुकानदाराचं ते तारांचं वाक्य निकालात काढू, कारण तेच वाक्य मी निदान वीस दुकानांत ऐकलं आहे.

सगळ्या गाड्यांत सगळ्या तारा टाकलेल्या नसतात. तांबं महाग असतं. लाखभर गाड्यांत न लागणारी मीटरभर तार टाकायची म्हणजे कारखान्याचा हिशेब किती बिघडेल, तुम्हीच बघा. फोक्सवॅगनमध्ये तर ज्या गाडीत जेवढी उपकरणं, तेवढ्यापुरतंच वायरिंग बांधून आणायची पद्धत जुनी आहे. तुमची गाडी आणि ती हायलाइन दोन्ही चाकणलाच बनल्या, पत्रा एकच, डॅशबोर्डचा साचाही एकच. पण डॅशबोर्डच्या पोटातलं वायरिंग एकच असेल असं धरून चालू नका. काही कंपन्यांच्या काही मॉडेलांत बेस गाडीतही टेप गुंडाळून ठेवलेला रिकामा कपलर सापडतो, हे खरं. तसा तुमच्या गाडीत आहे की नाही, हे पॅनल काढून डोळ्यांनी बघायचं असतं. बघण्याआधी जो 'आहेच' म्हणतो, त्यानं तुमच्या गाडीचं पॅनल अजून काढलेलं नाही, एवढंच त्यावरून कळतं.

आता मुख्य गोष्ट. ओरिजिनल पार्ट म्हटलं की आपण ब्रॅकेट बसतं का, रंग जुळतो का, हे बघतो. ते तर बसणारच, एकाच गाडीचे पार्ट आहेत. प्रश्न पुढचा आहे. तो डबा, म्हणजे तो इलेक्ट्रॉनिक पार्ट, गाडीतल्या बाकीच्या डब्यांशी काय बोलतो, आणि त्याच्या बोलण्यावर विसंबून गाडी काय करते? तुमच्या चार वस्तूंची उत्तरं चार वेगवेगळी आहेत, म्हणून चारांचा एकच भाव करणारा दुकानदार मला पटत नाही.

हे बोलणं ज्या तारांवरून चालतं तिला कॅन बस म्हणतात. बॉश कंपनीनं १९८६ साली ती जगासमोर मांडली. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा, आणि त्यांवर सगळे डबे लटकलेले. चाळीच्या चौकात भाजीवाल्यानं हाळी द्यावी आणि ज्याला मेथी हवी त्यानंच खिडकीत यावं, तसा हा कारभार असतो. इंजिनचा कॉम्प्युटर 'आरपीएम एवढे' म्हणून हाळी देतो. मीटर ती ऐकून काटा हलवतो, रेडिओ मात्र तिकडे कान देत नाही. फोक्सवॅगनमध्ये या तारा नारिंगी असतात. इंजिनच्या बाजूच्या नारिंगीवर काळी रेघ, दारं-काचांच्या बाजूला हिरवी, रेडिओच्या बाजूला जांभळी, आणि प्रत्येकीच्या जोडीदार तारेवर तपकिरी. एवढं लक्षात ठेवा आणि जो वायरमन नारिंगी तार सोलून तिथे चिमटा मारायला निघेल, त्याचा हात धरा. या तारांचा जोड नीट सोल्डर किंवा क्रिम्प करून द्यावा लागतो आणि पीळ पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नसतो. पीळ गेला की बाहेरचा विद्युत गोंगाट आत शिरतो. मग कधी काचा खाली होत नाहीत, कधी मीटरवर भलताच दिवा लागतो, आणि दोष शोधता शोधता महिना जातो.

आता वस्तू एकेक घेऊ.

टचस्क्रीन घ्या. बिनधास्त घ्या. ही मूळची चीनमधल्या फोक्सवॅगनसाठी बनलेली आहे, पण पोलोच्या खाचेत कारखान्यातूनच आल्यासारखी बसते. रेडिओवर गाडीचं काहीच अवलंबून नाही, हा तिचा मोठा गुण. उद्या ती बंद पडली तरी गाडी ब्रेक मारेल, चालू होईल, घरी येईल. पण नक्कल पुष्कळ येते, तेव्हा मागचं लेबल बघा. फोक्सवॅगनच्या पार्ट नंबरात मधले तीन आकडे खात्याचे असतात, रेडिओला ०३५, मीटरला ९२०. शेवटची अक्षरं म्हणजे सुधारित आवृत्ती. लेबलवरचा नंबर आणि स्क्रीनच्या सेटिंगमध्ये दिसणारा नंबर जुळला नाही, तर खोका परत करा.

तुमच्या गाडीत आधीपासून बाजारातला स्टिरिओ आहे, इथेच खरी मेख आहे. फोक्सवॅगनच्या रेडिओला 'चावी फिरली' हे कळवणारी वेगळी तार नसते. तो निरोप त्याला कॅनवरून मिळतो. तुमच्या डॅशबोर्डमध्ये स्टिरिओच्या मागे नारिंगी जोडी येते का, हे आधी बघा. येत नसेल तर ती गेटवेपासून, म्हणजे वेगवेगळ्या कॅन तारांना एकमेकींशी जोडणाऱ्या डब्यापासून, ओढून आणावी लागेल. इथे आळशी वायरमन एक युक्ती करतो. कॅन सोडून देतो आणि इग्निशनच्या फ्यूजवरून १२ व्होल्ट देऊन स्क्रीन पेटवतो. स्क्रीन पेटते, गाणी वाजतात, तुम्ही पैसे देऊन घरी येता. आणि मग स्टिअरिंगवरची बटणं कधीच चालत नाहीत, कारण त्यांचं बोलणं कॅनवरूनच येणार असतं.

उलट बाजूचं दुखणंही आहे आणि ते जास्त छळतं. कॅन जोडला, पण जुन्या गेटवेचं आणि नव्या रेडिओचं झोपायच्या निरोपावर एकमत झालं नाही, तर गाडी बंद करून कुलूप लावल्यावरही स्क्रीन आतून जागी राहते. वरून काळी दिसते, आत मात्र करंट पीत असते. समजा अर्धा अँपिअर पीत असली, तर दिवसाला बारा अँपिअर-अवर गेले. ४४ अँपिअर-अवरची बॅटरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्टार्टर फिरवायच्या लायकीची राहत नाही. आरसीडी ३३० बसवलेल्या जुन्या फोक्सवॅगनांमध्ये हे दुखणं जगभर माहितीचं आहे. उपाय म्हणजे योग्य आवृत्तीचा गेटवे किंवा स्क्रीनचं सुधारलेलं सॉफ्टवेअर.

म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच मोजणी करून घ्या. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून मधे मल्टिमीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावायचा, गाडीला कुलूप लावायचं आणि अर्धा तास चहा प्यायला जायचं. परत आल्यावर आकडा पन्नास मिलिअँपिअरच्या खाली असला पाहिजे. मल्टिमीटर लावलेला असताना कोणी स्टार्टर मारू नये, नाहीतर मल्टिमीटरचा फ्यूज जातो. अर्धा तास थांबायला दुकानदार कुरकुर करेल. करू दे.

बाकी बारीकसारीक गोष्टी. अँटेनाचा कपलर वेगळा असतो, छोटा ॲडाप्टर लागेल. फोनवर बोलण्यासाठी माइकची तार छताच्या दिव्यापर्यंत न्यायला लावा. स्टिरिओच्या पॅनलमागे कोंबलेल्या माइकवर समोरच्याला फक्त ब्लोअर ऐकू येतो. युनिट वापरलेलं असेल तर चार आकडी कोड लेखी मागा. कोड नसला की पडद्यावर 'सेफ' येऊन बसतं आणि चुकीचे आकडे मारत राहिलात तर ते तासाभरासाठी कुलूपच लावतं.

आता मीटर. तुमचा जीव सगळ्यात जास्त त्यातच अडकलाय हे पत्रावरून कळतं, आणि माझा सगळ्यात मोठा 'नको' त्यालाच आहे.

पोलोच्या या पिढीत मीटर म्हणजे नुसते काटे नव्हेत. गाडीची चोरीरोधक यंत्रणा, म्हणजे इमोबिलायझर, मीटरच्या आत राहते. तुमच्या चावीत चिप आहे. इग्निशनच्या कुलपाभोवतीची कॉइल ती वाचते आणि मीटरला सांगते. चावी आपली आहे अशी मीटरची खात्री पटली की तो इंजिनच्या कॉम्प्युटरला हो म्हणतो. यातला मीटर उचलून दुसऱ्या गाडीचा लावला, तर नव्या मीटरला तुमची चावी ओळखीची नसते आणि इंजिनाला तो मीटर ओळखीचा नसतो. गाडी सेल मारल्यावर चालू होते आणि सेकंदाभरात गप्प होते. पुन्हा मारा, पुन्हा तेच. दुकानदार ज्याला 'कोडिंग मारणं' म्हणतो त्यानं हे सुटत नाही. कोडिंग म्हणजे गाडीत काय काय आहे त्याची यादी बदलणं. इमोबिलायझर जुळवणं हे निराळं काम आहे.

ते दोन रीतींनी होतं. कोरा मीटर घेतला तर अधिकृत सर्व्हिस सेंटर त्यांच्या यंत्रावरून जर्मनीतल्या कंपनीच्या डेटाबेसला जोडून घेतं आणि मीटर, चाव्या, इंजिन यांची ओळख करून देतं. कोऱ्या मीटरला किलोमीटरही तेव्हाच, एकदाच भरता येतात. पण ट्रेंडलाइनच्या चासी नंबरावर हायलाइनचा मीटर बसवून द्यायला ते बांधील नाहीत आणि बहुतेक ठिकाणी नाहीच म्हणतात. दुसरी रीत जुन्या मीटरची. दोन्ही मीटर उघडायचे, आतली मेमरी चिप वाचायची, तुमच्या मीटरमधली ओळख नव्यात लिहायची. हे काम जमणारे लोक आहेत आणि चांगले आहेत. पण ही शस्त्रक्रिया आहे. चुकली तर गाडी टो करूनच हलवावी लागते. म्हणून मूळ चिपची नक्कल तुमच्या स्वतःच्या पेनड्राइव्हवर आल्याशिवाय मीटर उघडू देऊ नका.

आणि याच चिपमध्ये किलोमीटर राहतात. इथे मी थोडा कडक होतो. नवा मीटर बसवल्यावर त्यावर तुमच्या जुन्या मीटरवरचाच आकडा दिसला पाहिजे, एक किलोमीटर इकडे नाही, तिकडे नाही. दुकानदार हसत हसत म्हणेल, 'साहेब, चाळीस हजारच ठेवू का?' तिथून उठा. पुढे गाडी विकताना तो आकडा दाखवणं म्हणजे सरळ फसवणूक, आणि लपणारीही नाही. सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत प्रत्येक भेटीचे किलोमीटर असतात. इंजिनचा कॉम्प्युटर एखादा दोष नोंदवतो तेव्हा त्या क्षणाचे किलोमीटरही सोबत लिहून ठेवतो. मीटर चाळीस हजार म्हणतोय आणि इंजिनच्या वहीत ऐंशी हजाराला नोंद झालीय, हे शोधायला जाणकाराला स्कॅनर लावून पाच मिनिटं पुरतात.

हे सगळं पेट्रोलच्या मीटरचं झालं. तुम्हाला मिळतोय तो डिझेलचा. डिझेलच्या आरपीएमची पट्टी पेट्रोलपेक्षा आखूड असते, ग्लो प्लगचा दिवा असतो, आणि तबकडीवर छापलेलं कोडिंगनं बदलत नाही. त्यात हायलाइनला एबीएस, तुमच्या गाडीला नाही. मीटर एबीएसच्या डब्याला हाका मारत राहील, उत्तर येणार नाही, आणि पिवळा दिवा पेटलेलाच राहील, जोवर कोणी ती हाक कोडिंगनं बंद करत नाही.

बरं, एवढं करून हातात काय पडणार? सरासरी, उरलेल्या पेट्रोलात किती किलोमीटर जाईल ते, आणि बाहेरचं तापमान. तापमानाचा सेन्सर पुढच्या बंपरमागे असतो. तुमच्या गाडीत तो नसेल तर वेगळा बसवून त्याच्या दोन तारा मीटरपर्यंत आणाव्या लागतील, नाहीतर त्या जागी नुसत्या रेघा दिसतील. आकडे पुढेमागे करायची बटणं वायपरच्या दांडीवर किंवा स्टिअरिंगवर असतात, म्हणजे तेही बदलायचं. हायलाइनचा मीटर दिसतो सुंदर, यात वाद नाही. पण हा मीटर घेऊ नका. पुढे कधी १.२ पेट्रोल हायलाइनचा, बिलासकट मिळाला आणि चिपचं काम येणारा विश्वासाचा माणूस सापडला, तर पुन्हा लिहा.

स्टिअरिंगबद्दल मी एवढा थंडपणे लिहू शकत नाही, कारण आता 'समोरून' हा शब्द येतो.

गाडी समोरून इतकी ठोकलेली की विमा कंपनीनं टोटल लॉस धरली, आणि तिच्या स्टिअरिंगमधली एअरबॅग मात्र शाबूत? असं होऊ शकतं. धडक तिरकी असेल, वेग कमी असेल. पण शक्यता दुसरीच जास्त आहे. एअरबॅग फुटली असेल आणि तुम्हाला मिळणारी कुठल्या तरी तिसऱ्याच गाडीची असेल. किंवा फुटलेलीच असेल, आत कापड कोंबून, झाकण चिकटवून वर पॉलिश मारलेली. अशा वेळी मीटरवरचा एअरबॅगचा दिवा पेटू नये म्हणून कपलरमध्ये दोन-तीन ओहमचा एक रेझिस्टर खुपसतात. रुपया-दोन रुपयांची वस्तू. गाडीला वाटतं एअरबॅग जागेवर आहे. दिवा विझतो, तुम्ही निर्धास्त होता, आणि नेमक्या वेळी समोर नुसतं प्लॅस्टिक असतं.

२०१४च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या धडक-चाचण्या घेणाऱ्या संस्थेनं भारतीय गाड्या आपटून पाहिल्या तेव्हा बिनएअरबॅगच्या पोलोला मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले होते आणि दोन एअरबॅगच्या पोलोला चार. त्यानंतर कंपनीनं बिनएअरबॅगची पोलो विकणंच बंद केलं. तुमच्या २०१५च्या बेस गाडीत दोन एअरबॅग आहेत त्या यामुळे. तुमच्या ट्रेंडलाइनमधली ती सगळ्यात मोलाची वस्तू आहे, आणि दुकानदार नेमकी तीच काढून घेऊन तिच्या जागी जिचा पत्ता नाही अशी देतोय.

तेव्हा बटणांचं स्टिअरिंग घ्यायचंच तर चाक आणि बटणं घ्या, एअरबॅग तुमचीच ठेवा. ती त्या चाकावर बसेलच असं नाही, दोन्हींचे पार्ट नंबर आणि कपलर जुळवून बघा. नाही जुळली तर हे चाक सोडा, तुमच्या एअरबॅगला जुळणारं दुसरं शोधा, किंवा सीलबंद नवी एअरबॅग अधिकृत काउंटरवरून बिलानं घ्या. मग तो सौदा परवडतो का, ते पुन्हा मोजा. चाकामागची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे फिरत्या चाकापर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी, तीही बदलावी लागेल, कारण बेस गाडीतल्या स्प्रिंगेत एअरबॅग आणि हॉर्नपुरतेच पट्टे असतात, बटणांचे नसतात. तिच्यासोबत बटणं वाचणारा डबाही लागतो. काम सुरू करण्याआधी बॅटरी सोडवून काही मिनिटं थांबायचं, आणि पिवळ्या कपलरला टेस्टलॅम्प लावायचा नाही, कधीच. स्प्रिंग मधोमध ठेवून बसवली नाही तर पहिल्याच यू-टर्नला तुटते. हे काम एअरबॅगवर हात बसलेल्या माणसाकडूनच करा, स्टिरिओच्या दुकानात नको.

ऑटो एसीचं पॅनल विसरा. तुमच्या गाडीत गरम-गार हवेच्या झडपा नॉबला जोडलेल्या केबलनं फिरतात, हायलाइनमध्ये त्या मोटरनं फिरतात. पॅनल बदलून मोटरी उगवत नाहीत. अख्खा हवेचा डबा बदलायचा म्हणजे डॅशबोर्ड खाली उतरवायचा, एसीचा गॅस काढायचा, आणि परत बसवल्यावर आयुष्यभर कुठून तरी कुरकुर ऐकत बसायची. नॉब फिरवा.

आता बाबांच्या मुद्द्याकडे. तुम्ही तो एका ओळीत उडवलाय, पण तुमच्या पत्रातला सगळ्यात वजनदार मुद्दा तोच आहे, फक्त त्यांनी चुकीचं कारण दिलं. पैशाच्या हिशेबात स्क्रीनचा खर्च आणि गाडी बदलण्याचा खर्च यांची बरोबरीच होत नाही, आवडती, ओळखीची, माहितीतली गाडी हातात असणं याला किंमत असते. खरा फरक एबीएसचा आहे. तुम्ही कितीही सामान आणलंत तरी एबीएस घरगुती कामात बसणार नाही. पंप, चाकांचे सेन्सर, ब्रेकच्या नळ्या, सगळंच वेगळं. एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला एबीएस सक्तीचं आहे, ते उगाच नाही. पावसाळ्यात आंबोली किंवा फोंडा घाट उतरणाऱ्या माणसाला त्याचं महत्त्व मी सांगायला नको. तुमचं फिरणं घाटातलं आणि रात्रीचं असेल, तर मी बाबांच्या बाजूनं आहे. ऑफिस, बाजार, रंकाळ्याची एक फेरी एवढंच असेल, तर गाडी ठेवा, टायर चांगले ठेवा आणि स्क्रीन लावा. तुमच्या आरसीची १५ वर्षं २०३० साली भरतील, तेही हिशेबात धरा.

विकताना या सगळ्याचे पैसे परत येतील अशी आशा ठेवू नका. कागदांवर गाडी ट्रेंडलाइनच राहणार, विम्याची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, तीही ट्रेंडलाइनचीच. उलट जाणकार गिऱ्हाईक विचारेल, मीटर बदललाय का? आणि मग त्याला बाकी कशावरच विश्वास बसत नाही. स्क्रीन मात्र विमा नूतनीकरणाच्या वेळी 'इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज' या रकान्यात बिलासकट दाखवा. थोडा प्रीमियम वाढतो, पण काच फोडून कोणी स्क्रीन काढून नेली तर दाव्यात तिची किंमत तरी मोजली जाते.

मेहुण्यांचा सल्ला अडाणी नाही, हेही सांगतो. चांगल्या कंपनीचा अँड्रॉइड स्टिरिओ कमी पैशात जास्त करतो. पण तुम्हाला गाडीत घुसवलेला टॅब्लेट नकोय, कारखान्यातून आल्यासारखा डॅशबोर्ड हवाय. दोन वेगळ्या भुका आहेत. मेहुण्यांशी वाद घालू नका.

एक तुलनाही मनात असू दे. तुमची पोलो जुन्या घराण्यातली आहे म्हणून हे खेळ निदान शक्य आहेत. याच चाकणमधून आज निघणाऱ्या व्हर्टस, टायगुन, कुशाक या गाड्यांच्या पिढीत 'कम्पोनंट प्रोटेक्शन' नावाचं कुलूप असतं. दुसऱ्या गाडीचा डबा लावला की तो गाडी ओळखतो, आपली नाही म्हणतो, आणि कंपनीच्या सर्व्हरनं परवानगी दिल्याशिवाय धड चालत नाही. चोरीच्या मालाचा बाजार बंद पडावा म्हणून ते केलं, हे खरं. त्यात नाद असणाऱ्याचाही बळी गेला.

चोरीवरून आठवलं. वापरलेला कुठलाही डबा घेताना दुकानदाराकडे त्या टोटल लॉस गाडीचे कागद मागा. मीटर असेल तर स्कॅनर लावून आतला सतरा अक्षरी चासी नंबर वाचता येतो. तो कागदाशी जुळवा. कागद 'नंतर देतो' म्हणाला तर सौदाही नंतर.

तर उद्या कुर्ल्याला फोन करून एवढंच सांगा की फक्त स्क्रीन हवी, पक्क्या बिलावर, आणि तीही त्याच्या माणसानं बसवायची नाही. कोल्हापुरात फोक्सवॅगनचं काम करणारा, स्वतःचा व्हीसीडीएस केबल (फोक्सवॅगन गाड्यांचे डबे लॅपटॉपवरून तपासायचं साधन) असलेला माणूस शोधा. कामाला हात लावण्याआधी त्याच्याकडून अख्ख्या गाडीचा ऑटो-स्कॅन काढून त्याची प्रिंट घ्या. काम झाल्यावर दुसरा स्कॅन घ्या. गेटवेच्या यादीत, म्हणजे १९ नंबरात, रेडिओची नवी नोंद दिसली पाहिजे, रेडिओ ५६ नंबरात उत्तर देत असला पाहिजे, आणि १५ नंबरात, म्हणजे एअरबॅगच्या घरात, आधी नव्हता असा एकही दोष आलेला नसावा. आधीच्या मालकाचा स्टिरिओ काढताना त्यानं कुठे कुठे मूळ तारा कापल्यात, तेही त्याच दिवशी दिसेल. त्या दुरुस्तीचे पैसे वेगळे ठेवा, लागणार आहेत.